हिंगण्याची संस्था टिकली कशी: पैसे, माणसं आणि एक तडजोड

प्रश्न थोडक्यात असा होता की आम्ही तिघी मैत्रिणी गावाकडच्या मुलींच्या शिक्षणासाठी ट्रस्ट काढतोय, जो भेटतो तो कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेचं उदाहरण देतो, तर तिचा नेमका इतिहास काय, सुरुवातीला पैसे आले कुठून, आणि आम्हाला त्यातलं काही उपयोगी पडेल का.

उत्तर लांबणारे, आधीच सांगते. मी पुण्यात सत्तावीस वर्षं ट्रस्टांचीच कामं करतेय, म्हणजे नोंदणी, हिशेब, चेंज रिपोर्ट (विश्वस्त वगैरे बदलले की धर्मादाय आयुक्तांकडे द्यायची नोंद), देणगीदारांशी बोलणी, आणि ट्रस्टी एकमेकांशी बोलेनासे झाले की मधला निरोप्या पण मीच. हिंगण्याच्या संस्थेत मी कधी नोकरी केलेली नाही. लहानपणी भाऊबीजेचं पावती पुस्तक घेऊन जिने मात्र चढलेय, ते पुढे येईलच.

आधी एक घोळ निस्तरू. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था म्हणजे हिंगण्याची, आता त्या भागाला आपण कर्वेनगरच म्हणतो. एसएनडीटी विद्यापीठ ही वेगळी संस्था, ती पण कर्व्यांचीच. आणि सेवासदन ही तिसरीच, रमाबाई रानड्यांची, पुण्यात १९०९ पासूनची. लोक तिन्ही एकत्र कालवून सांगतात आणि मग 'कर्व्यांना काय, ठाकरसींनी पंधरा लाख दिले' असं एक वाक्य टाकून मोकळे होतात. ते पंधरा लाख आले १९२० साली आणि ते विद्यापीठाला. हिंगण्याचा आश्रम सुरू झाला १८९६ ला. मधली चोवीस वर्षं काय चाललं होतं तेच तुमच्या कामाचंय.

तर सुरुवात. धोंडो केशव कर्वे, कोकणातल्या मुरुडचे, जन्म १८५८ चा, मुंबईत एल्फिन्स्टनमधून गणित घेऊन बीए, आणि १८९१ ला फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक. त्याच वर्षी त्यांची पहिली बायको राधाबाई वारली. त्या काळी तिशीतल्या बिजवराला दहा-बारा वर्षांची कुमारिका मिळायची, त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. यांनी ठरवलं की लग्न केलं तर विधवेशीच. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी, त्यांची बहीण गोदूबाई बालविधवा, ती पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती, तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी तीच. ११ मार्च १८९३ ला पुण्यात लग्न झालं. (शारदा सदन सुरू झालं ती तारीख पण ११ मार्चच, १८८९ ची.) गोदूबाईंच्या झाल्या आनंदीबाई, आपण ओळखतो त्या बाया कर्वे. मुरुडकरांनी जोडप्याला वाळीत टाकलं.

आता हे लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं इथून फुटतं. त्याच १८९३ मध्ये शारदा सदनावर मोठं वादळ आलं. तिथल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतायत असा बोभाटा झाला, सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले, पुष्कळ घरांनी मुली काढून नेल्या. रमाबाई पुढे केडगावला गेल्या, तिथे त्यांनी जे मुक्ती मिशन उभं केलं ते काम अफाटच, तो वेगळा विषय. पण पुण्यात मात्र एक जागा रिकामी झाली. विधवांना शिकवणारं घर हवंय, पण आपल्या समाजाला चालेल असं हवंय. कर्व्यांनी १४ जून १८९६ ला अनाथ बालिकाश्रम मंडळी काढली तेव्हा तिचे अध्यक्ष कोण, तर तेच डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. आजच्या भाषेत सांगायचं तर कर्व्यांना गरज कुठे आहे आणि देणगीदार कुठे नाराज होऊन बसलाय हे दोन्ही माहिती होतं.

आणि इथेच ती तडजोड. कर्वे त्याआधी विधवाविवाहाचं काम करत होते, १८९३ लाच त्यासाठी मंडळी स्थापन केली होती, स्वतः विधवेशी लग्न केलेलं. पण आश्रमासाठी दारोदार फिरताना लोकांचा पहिला प्रश्न हाच, की तुम्ही आमच्या मुलींना शिकवणार की त्यांची लग्नं लावणार? तेव्हा त्यांनी दोन्ही कामं तोडून टाकली. आश्रम फक्त शिक्षणाचा, तिथे पुनर्विवाहाचा प्रचार नाही, आणि स्वतः हळूहळू विवाहाच्या मंडळीतून बाजूला झाले. याच्यावर सुधारकांनीच त्यांना भित्रे म्हटलं. माझं मत विचाराल तर तेवढं सोपं नाहीये ते. स्वतःच्या घरात बाया बसलीये, म्हणजे माणसाने काय केलंय हे अख्ख्या पुण्याला दिसतंय, आणि तरी संस्थेच्या कागदावर तो उद्देश घालत नाही, कारण घातला तर बाप मुलगी पाठवणार नाही आणि शेजारी चार आणे देणार नाही. मी कित्येक ट्रस्ट बघितले जे घटनेत जगातले सगळे उद्देश लिहून ठेवतात, स्त्रीशिक्षण, वृक्षारोपण, गोसेवा, क्रीडा, आणि मग देणगीदार विचारतो की नक्की करता काय. कर्व्यांनी उद्देश छाटला. त्याची किंमत पण दिली, ती आहेच, कारण ज्या तरुण मुलींना शिक्षणापेक्षा नवं घर हवं होतं त्यांना आश्रमाने ते दिलं नाही.

आता पैसे. फर्ग्युसनचे आजीव सदस्य म्हणजे पंचाहत्तर रुपये महिना आणि वीस वर्षांचा शब्द, त्यात घर, मुलं, आणि उरलेलं आश्रमात. सुट्टी लागली की गावोगाव फिरायचं, वर्गणी गोळा करायची. मोठा दाता नव्हता, रुपया-दोन रुपयेवाले होते. कर्वे चांगले वक्ते नव्हते हे त्यांना स्वतःलाच मान्य होतं. पण हिशेब चोख, गणिताचा माणूस, कुणाचा रुपया कुठे गेला ते सांगता यायचं. मला विचाराल तर त्यांची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच. टिळक-आगरकरांसारखं भाषण ठोकून सभा उठवता येत नसेल तर वही नीट ठेवा, पैसे येतात.

मग प्लेग आला. शहरात विधवांचं घर चालवणं आधीच अवघड, आजूबाजूचे लोक काय काय बोलणार, त्यात प्लेगने पुणं रिकामं व्हायला लागलं. तेव्हा रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन दिली आणि बांधकामाला साडेसातशे रुपये. १९०० साली तिथे पहिली झोपडी उभी राहिली. आज कर्वेनगरात सिग्नलला गाड्यांची रांग बघितली की पटत नाही, पण तेव्हा ते गावाबाहेरचं माळरान, रस्ता नाही, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, रात्री कोल्हेकुई. कर्वे कॉलेज सुटलं की चालत हिंगण्याला जायचे, जाताना आश्रमाला लागणारं सामान बरोबर, तिथे मुलींना शिकवायचं, रात्र काढायची, सकाळी परत चालत कॉलेजला. अंतर एका बाजूचंच काही मैल. झोपडी संस्थेच्या आवारात जपून ठेवलीये, बाहेरून आलेल्यांना मी पहिल्यांदा तीच दाखवते. ज्याला ऑफिस भाड्याने घेतल्याशिवाय ट्रस्टचं काम सुरू करता येत नाही त्याने तिथे पाच मिनिटं उभं राहून यावं. (हे मी तुम्हाला नाही म्हणत हो, पण म्हणते पण.)

बरं, आता माणसं. या इतिहासात कर्व्यांचं नाव एवढं मोठं झालं की बाकीची नावं त्याच्याखाली दबून गेली आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

बाया कर्वे घ्या. नवरा संस्थेला सगळं देतोय म्हणजे घर कोण चालवतंय? त्यांच्या 'माझे पुराण' या आत्मकथनात हे सगळं आलंय, अगदी न लाजता, ओढाताणीबद्दल पण आणि नवऱ्यावरच्या रागाबद्दल पण. संस्थेचा इतिहास सांगणाऱ्या स्मरणिका असतात ना, गुळगुळीत कागदाच्या, त्यात हे येत नाही. मला ट्रस्टच्या कामात दर दोन वर्षांनी एक तरी घर असं भेटतं जिथे संस्थापक थोर आणि घरातली किराण्याची उधारी दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर. तुमच्या तिघींपैकी कुणाच्या घरावर याचा भार येणारे हे आत्ताच बोलून घ्या, नंतर ते भांडण मीटिंगच्या इतिवृत्तात येतं.

आणि पार्वतीबाई आठवले. या बायांच्या धाकट्या बहीण, देवरुखच्या, विसाव्या वर्षाच्या आसपास विधवा, पदरात एक लहान मुलगा. आश्रमात शिकल्या, तिथेच काम करू लागल्या, पुढे अधीक्षक झाल्या. आणि मग फंड गोळा करायला बाहेर पडल्या. नुसतं डोळ्यासमोर आणा, केशवपन केलेली लाल आलवणातली बाई, जिने सणासुदीला चारचौघांत येऊ नये असा दंडक, ती गावोगाव सभेत उभी राहून बोलतेय आणि वर्गणी मागतेय. सनातनी घरातल्या बायका तिचं ऐकायच्या कारण ती त्यांच्यातलीच दिसायची. पुढे त्यांनी केशवपन सोडलं, केस वाढवले, त्यावरून टीका झाली ती झालीच. आणि १९१८ ला, वय अठ्ठेचाळीसच्या आसपास, इंग्रजी धड येत नाही, अशा या बाई अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकायचं आणि संस्थेसाठी पैसे जमवायचे. तिथे लोकांच्या घरी घरकाम केलं, भांडी, साफसफाई, त्यातून पोट भरलं आणि भाषा शिकल्या, भाषणं केली, निधी घेऊन परत आल्या. 'माझी कहाणी' म्हणून त्यांचं आत्मचरित्र आहे, मिळालं तर वाचा, फंडरेझिंगच्या कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा जास्त शिकवतं.

यात मुद्दा कुठला, तर जिच्यासाठी संस्था काढली तीच वीस वर्षांनी संस्था चालवत होती. पार्वतीबाई, वेणूबाई नामजोशी, काशीबाई देवधर, या त्या काळातल्या कार्यकर्त्या. पुढे कर्व्यांचा मुलगा भास्कर आणि सूनबाई कावेरी यांनीही आयुष्य तिथे घातलं. आज ज्या ट्रस्टांचं ऑडिट मी बघते त्यात मुली 'लाभार्थी' या रकान्यात जातात आणि त्याच रकान्यात म्हाताऱ्या होतात. विश्वस्तांच्या यादीत एक पण माजी विद्यार्थिनी नाही, पंचवीस पंचवीस वर्षं.

मधली वाढ भरभर सांगते. विधवांसोबत कुमारिकांनाही शिकवायला हवं म्हणून १९०७ ला महिला विद्यालय निघालं, अगदी मोजक्या मुलींवर, तेही पुढे हिंगण्यालाच आलं. १९०८ ला निष्काम कर्म मठ. नाव ऐकून लोकांना वाटतं काहीतरी अध्यात्मिक, पण ती खरं तर कार्यकर्ते टिकवायची व्यवस्था होती. या कामाला आयुष्यभर वाहून घेईन, मिळकत संस्थेची, स्वतःपुरतं वेगळं काही राखणार नाही, अशी शपथ घेणारी माणसं. इमारतीला पैसे मिळतात, तीस वर्षं टिकणारा माणूस मिळत नाही, हे कर्व्यांना तेव्हाच कळलं होतं. पुढे या सगळ्या शाखा एकत्र झाल्या, हिंगणे स्त्री शिक्षण संस्था हे नाव आलं आणि नंतर आत्ताचं.

विद्यापीठाची गोष्ट निघाली पोस्टाने आलेल्या एका पुस्तिकेतून. जपानमधल्या टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती होती त्यात. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून कर्व्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ ला ते हिंगण्यातच सुरू पण झालं, मातृभाषेतून शिकवायचं, पहिल्या वर्गात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुली. पहिले कुलपती परत भांडारकरच, कुलगुरू रँग्लर परांजपे. चार वर्षांनी सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख दिले आणि त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसींचं, नाव विद्यापीठाला लागलं. १९३६ ला मुख्यालय मुंबईला गेलं. देणगी प्रचंडच होती, त्याबद्दल वाद नाही, पण एक बघा की मोठा पैसा आला की नाव, जागा, कारभार सगळं त्याच्याबरोबर हलतं. हिंगण्याला तसा पैसा आला नाही म्हणून ती संस्था हिंगण्यालाच राहिली, असं मी गमतीत म्हणते, पण पूर्ण गंमत नाहीये ती.

आणि कर्वे तरी थांबले का, तर नाही. १९२९ ला एकाहत्तराव्या वर्षी युरोप, अमेरिका, जपान करून आले, मग पूर्व आफ्रिकेपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत, तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांकडून विद्यापीठासाठी पैसे गोळा करत. १९५८ ला भारतरत्न मिळालं तेव्हा वय शंभर, गेले १९६२ ला.

हिंगण्याचा मात्र स्वतःचा एक मार्ग होता, भाऊबीज निधी. कल्पना इतकी साधी की मला अजून हेवा वाटतो. दिवाळीत भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो, तर एक ओवाळणी आश्रमातल्या बहिणींना घाला. स्वयंसेवक दारोदार जाणार, पावती फाडणार. माझ्या आईची एक मैत्रीण हे काम करायची आणि आम्हा पोरांना बरोबर घ्यायची. नारायण पेठेतला वाडा, अंधारा जिना, कठड्याला हात लावला की काळा व्हायचा, वर एक आजोबा. त्यांनी आधी मागच्या वर्षीची पावती ट्रंकेतून काढली, तिच्यावर किती लिहिलंय ते चष्मा लावून वाचलं, आणि तेवढेच अकरा रुपये दिले, एक रुपया जास्त नाही की कमी नाही. मी विचारलं आजोबा वाढवणार नाही का, तर म्हणाले, 'वाढवेन आणि पुढच्या वर्षी झेपलं नाही तर तुला दार नाही उघडणार, त्यापेक्षा अकरा बरे.' देणगीदार कसा विचार करतो हे मी तिथे शिकले, बाकी सगळं त्याच्यावरचं लोणी.

याच्या उलट उदाहरण माझ्याच कामातलं. नाव घेत नाही, पण एका ट्रस्टला एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकामासाठी काढलेल्या निधीतून, मुलींच्या वसतिगृहाची चकाचक बिल्डिंग मिळाली. उद्घाटनाला ढोलताशे. तीन वर्षांत फंड संपला, स्वयंपाकीण आणि रेक्टर दोघींचे पगार थकले, मुली मेच्या सुट्टीत घरी गेल्या त्या बोलवल्याच नाहीत. मीच त्यांचे हिशेब बघत होते आणि पहिल्या वर्षी मी ओरडून सांगितलं नाही याची मला आजही टोचणी आहे. इमारत मिळत होती ना, सगळे खुशीत होते, मी पण होते.

आता टीकेची बाजू, कारण नुसती आरती करून तुम्हाला उपयोग नाही. एक, हे काम करणारे कर्वे पहिले नव्हेत. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ लाच आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, अडलेल्या ब्राह्मण विधवांसाठी, आणि तेव्हा त्यांच्या मागे कुणी रावबहादूर नव्हता. रमाबाईंचं तर वर आलंच. दोन, हिंगण्याचा आश्रम सुरुवातीची कित्येक वर्षं मुख्यतः ब्राह्मण विधवांचा राहिला. केशवपन, सोवळं, पुनर्विवाहबंदी हे प्रश्न त्या जातींत जास्त तीव्र होते हे खरं, पण वर्गणी देणारा वर्ग कोण होता हे पण तितकंच खरं. ज्याचा पैसा त्याची मर्यादा संस्थेत झिरपते. कर्व्यांना ते उतारवयात जाणवलं असावं, कारण १९३६ ला खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं आणि १९४४ ला समता संघ. पण तोवर वय ऐंशीच्या आसपास.

आणि मग अशी वेळ येतेच की ज्या प्रश्नासाठी संस्था काढली तो प्रश्न बदलतो. बालविधवा राहिल्या नाहीत, सुदैवाने. त्या वेळी कित्येक संस्था संपल्या, वाड्याला कुलूप, विश्वस्तांची कोर्टात भांडणं, धर्मादाय आयुक्तांकडे पंधरा पंधरा वर्षं पडलेले चेंज रिपोर्ट, माझं निम्मं करिअर त्यातच गेलं. हिंगण्याने मुलगी धरून ठेवली आणि शिक्षण बदलत नेलं. शाळा, वसतिगृहं, मग नर्सिंग, आर्किटेक्चर, आणि १९९१ ला कमिन्स कंपनीच्या मदतीने मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज. ज्या माळावर आलवणातल्या बायका बाराखडी गिरवत होत्या तिथून आता मुली कॅम्पस इंटरव्ह्यू देऊन कंपन्यांत जातात. फी घेणारी कॉलेजं आली की धर्मादाय काम किती राहिलं हा प्रश्न लोक विचारतात आणि विचारायलाच हवा, पण फीवर चालणारं एक अंग असल्याशिवाय फीवर न चालणारं अंग जगवता येत नाही, हे मी ताळेबंद बघून सांगतेय.

तर तुमच्यापुरतं. घटनेत उद्देश एकच ठेवा पण शब्द जरा सैल ठेवा, 'ग्रामीण मुलींचं शिक्षण' एवढं पुरे, 'दहावीच्या मुलींसाठी शिकवणी' असं लिहून स्वतःला बांधून घेऊ नका, कारण उद्देश बदलायला नंतर फार खेटे घालावे लागतात. ८०जी साठी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळावी म्हणून, पहिल्याच वर्षी अर्ज करा. सीएसआरच्या मागे पहिली दोन वर्षं लागूच नका. त्याऐवजी शंभर घरं शोधा जी दरवर्षी ठरलेली रक्कम देतील, पाचशे का होईना, आणि प्रत्येकाला वर्षाच्या शेवटी एक पानाचा हिशेब हातात नेऊन द्या, व्हॉट्सॲपवर पीडीएफ नको, हातात. विश्वस्त सात करणार असाल तर एक जागा आत्तापासून रिकामी ठेवा, तुमच्या पहिल्या बॅचची मुलगी पंचवीस वर्षांची होईल तेव्हा तिच्यासाठी.

आणि नोंदणीच्या कागदांवर सह्या करायच्या आधी एकदा मला घटनेचा मसुदा दाखवा, फी नको. येताना तिघी या, एकटीने येऊन दोघींचं मत सांगू नका.